फवारणीतील विषबाधा आणि रक्षक विकर: शेतापासून रुग्णालयापर्यंत काय करावे

ऑर्गनोफॉस्फेट गटातील कीटकनाशके माणसाच्या शरीरातील एका विशिष्ट विकरावर, म्हणजे एन्झाइमवर, घाव घालतात. आणि या विषावर उतारा म्हणून शास्त्रज्ञ गेली काही दशके ज्यांच्या मागे आहेत, तेही विकरच आहेत. 2017 च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करणारे शेकडो शेतकरी व मजूर रुग्णालयात दाखल झाले आणि वीसहून अधिक जण दगावले. त्या प्रकरणात एकाहून अधिक प्रकारची कीटकनाशके वापरात होती. मोनोक्रोटोफॉस आणि प्रोफेनोफॉस ही त्यांतील ऑर्गनोफॉस्फेट गटातली. पुढील मार्गदर्शन शेतकरी कुटुंबे, आशा कार्यकर्त्या, प्राथमिक आरोग्य केंद्रातील कर्मचारी आणि रुग्णालयाच्या व्हरांड्यात बसलेले नातेवाईक यांच्यासाठी आहे. औषधांच्या मात्रा येथे दिल्या आहेत त्या उपचार कसा चालतो हे कळावे म्हणून. त्या ठरवण्याचे काम डॉक्टरांचेच आहे.

विष शरीरात काय करते

मज्जातंतूकडून स्नायूला किंवा ग्रंथीला संदेश पोहोचवण्याचे काम अ‍ॅसिटाइलकोलिन हे रसायन करते, आणि संदेश पोहोचताच ते तोडून टाकण्याचे काम अ‍ॅसिटाइलकोलिनेस्टरेज हे विकर करते. हे शरीरातील अत्यंत वेगवान विकरांपैकी एक असून त्याचा एक रेणू सेकंदाला हजारो रेणू तोडतो. ऑर्गनोफॉस्फेटचा रेणू या विकराच्या नेमक्या कामाच्या जागी जाऊन चिकटतो, विकर बंद पडते, अ‍ॅसिटाइलकोलिन साचत जाते आणि ग्रंथी व स्नायू थांबण्याचे नाव घेत नाहीत. तोंडाला लाळ व फेस, दरदरून घाम, डोळ्यांतून पाणी, उलट्या, जुलाब, कपड्यांत लघवी होणे, टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या बाहुल्या, छातीत पाणी भरल्यासारखी घरघर, मंद नाडी आणि कातडीखाली स्नायूंचे फडफडणे ही सारी लक्षणे त्या एकाच बिघाडातून येतात. रुग्ण दगावतो तो प्रामुख्याने श्वास बंद पडल्यामुळे.

चिकटलेले विष काही काळ सुटे करता येते, पण कायमचे नाही. ठरावीक वेळाने त्या जोडणीचा एक भाग गळून पडतो आणि ती पक्की होते. मग कोणतेही औषध ते विकर परत चालू करू शकत नाही आणि शरीराने नवे विकर तयार करेपर्यंत थांबावे लागते. ही वेळ प्रत्येक कीटकनाशकाची वेगळी असते. मोनोक्रोटोफॉस, डायमेथोएट, डायक्लोरव्हॉस यांसारख्या डायमिथाइल उपगटात निम्मे विकर साधारण 3.7 तासांत कायमचे निकामी होते, म्हणजे बारा तासांत सुमारे 90 टक्के हातचे गेलेले असते. क्लोरपायरिफॉस व क्विनॉलफॉस यांच्या डायइथाइल उपगटात मात्र निम्म्यावर यायलाच सुमारे 33 तास लागतात. प्रोफेनोफॉससारखी काही रसायने या दोन्हींत बसत नाहीत आणि त्यांची जोडणी फारच लवकर पक्की होते. बाटली रुग्णासोबत न्या असा आग्रह धरला जातो त्यामागे हा हिशेब आहे, कारण विषाचे नाव कळले की डॉक्टरांच्या हाती किती वेळ उरला आहे तेही कळते.

आणखी एक फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे. मोनोक्रोटोफॉस शरीरात शिरते तेव्हाच ते घातक रूपात असते. क्लोरपायरिफॉसला मात्र आधी यकृताने घातक रूप द्यावे लागते. म्हणून दुपारी फवारणी संपवून धडधाकट घरी आलेला माणूस रात्री अत्यवस्थ होऊ शकतो. अंगावर औषध सांडले असेल तर निदान चोवीस तास त्याला एकटे सोडू नये.

हंगामापूर्वी रक्त तपासून ठेवणे

आपल्या रक्तात या विकराचा एक भाऊबंद असतो, ब्युटिरिलकोलिनेस्टरेज. ते यकृतात तयार होते आणि रक्तद्रव्यात, म्हणजे प्लाझ्मात, फिरत राहते. त्याचे शरीरातील अनिवार्य काम कोणते यावर एकमत नाही, आणि ज्यांच्यात ते जन्मतःच नसते ती माणसे एरवी निरोगी जगतात; परंतु शरीरात शिरलेले विष मज्जातंतूंपर्यंत पोहोचण्याआधी ते स्वतःला चिकटवून घेते. प्रयोगशाळेच्या कागदावर सिरम कोलिनेस्टरेज किंवा स्यूडोकोलिनेस्टरेज म्हणून जो आकडा छापून येतो तो याच विकराचा. आकडा घसरला याचा अर्थ विष आत गेले आणि या विकराने त्यातला काही भाग अंगावर घेतला.

अडचण अशी की निरोगी माणसांतही हा आकडा फार वेगवेगळा असतो. ज्याची मूळ पातळी उंच आहे त्याच्यात तो निम्म्यावर आला तरी कागदावर 'सामान्य' असा शेरा मिळू शकतो. उलट यकृताचा आजार, कुपोषण किंवा गरोदरपण असेल तर विषाशी संबंध नसतानाही तो कमी दिसतो. त्यामुळे एकट्या आकड्याला फारसा अर्थ नसतो, स्वतःच्याच जुन्या आकड्याशी केलेल्या तुलनेला असतो. हंगामभर मजुरीने फवारणी करणाऱ्या माणसाने पहिल्या फवारणीच्या आधी, निदान महिनाभर या औषधांशी संपर्क आलेला नसताना, ही तपासणी करून कागद जपून ठेवावा. शक्य असेल तेथे लाल पेशींतील अ‍ॅसिटाइलकोलिनेस्टरेजही तपासावे, कारण मज्जातंतूंची अवस्था ते अधिक प्रामाणिकपणे सांगते.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात अशी देखरेख 1970 च्या दशकापासून कायद्याने बंधनकारक आहे आणि तेथील नियम आपल्याला जसाच्या तसा वापरता येण्यासारखा आहे. आकडा मूळ पातळीच्या 80 टक्क्यांखाली गेला की कामाची पद्धत तपासायची. लाल पेशींतील विकर 70 टक्क्यांवर किंवा रक्तद्रव्यातील 60 टक्क्यांवर आले की त्या माणसाला फवारणीतून बाजूला करायचे, आणि दोन्ही पुन्हा 80 टक्क्यांवर आल्याशिवाय पंपाला हात लावू द्यायचा नाही. आपल्याकडे फवारणीची मजुरी रोजावर असल्याने बाजूला करणे म्हणजे रोज बुडवणे, आणि नियम कागदावर राहण्याचे कारण तेच असते. गावातील शेतकऱ्यांनी त्या मजुराला तेवढे दिवस निंदणी, वेचणीसारखे दुसरे काम दिले तर प्रश्न पुष्कळसा सुटतो.

रक्त कुठे देता यापेक्षा ते कसे नेले जाते हे अधिक महत्त्वाचे आहे. नमुन्यात सुटे विष असेल तर ते नळीतही विकराला चिकटत राहते, त्यामुळे उन्हात दोन तास फिरलेल्या नळीतील आकडा रुग्णाच्या अवस्थेपेक्षा वाईट दिसतो. नमुना काढल्याबरोबर बर्फात ठेवावा, आणि बर्फ थेट नळीला लागून रक्त गोठणार नाही याकडे लक्ष द्यावे.

फवारणीच्या दिवशी

हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा, टोपी, मुखपट्टी, वाऱ्याच्या उलट दिशेने न चालणे हे सर्वांना ठाऊक असते. जे ठाऊक असूनही घडते तेवढेच येथे सांगतो. पाठीवरच्या पंपाचे झाकण नीट बसत नाही, औषध कंबरेपर्यंत ओघळते आणि दिवसभर ओला सदरा अंगाशी चिकटून राहतो. त्या एका ओल्या पाठीतून जितके विष शिरते तितके श्वासातून क्वचितच शिरत असेल. तुंबलेले नोझल तोंडाने फुंकले जाते. त्याच हाताने तंबाखू मळली जाते. यवतमाळच्या त्या हंगामात कपाशी डोक्यापर्यंत वाढली होती आणि फवारा खाली पडण्याऐवजी चेहऱ्यावर येत होता, म्हणून पीक छातीच्या वर गेले असेल तर शक्यतो फवारणी टाळावी, आणि टाळता येत नसेल तर सकाळच्या थंड वेळी आटोपावी.

बाटलीवरील चौकोनात खालचा त्रिकोण कोणत्या रंगाचा आहे ते पाहावे: लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. त्याच कागदावर उतारा कोणता हेही छापलेले असते. दोन-तीन औषधे एका टाकीत कालवण्याची सवय उपचाराच्या वेळी फार महागात पडते, कारण सगळीच कीटकनाशके ऑर्गनोफॉस्फेट नसतात. सायपरमेथ्रिन किंवा डायफेन्थियुरॉन यांच्यावर पुढे दिलेली उपचारपद्धती लागू होत नाही आणि लक्षणांची सरमिसळ झाली की डॉक्टरही चाचपडतात. मोनोक्रोटोफॉसच्या 36 टक्के द्रावणावर केंद्र सरकारने 2023 च्या आदेशाने बंदी घातली आणि साठा संपवण्यासाठी वर्षभराची मुदत दिली होती. ती मुदत संपलेली असल्याने दुकानदार अजूनही ते देत असेल तर घेऊ नये, आणि घराच्या आढ्यावर जुनी बाटली पडली असेल तर ती कृषी सहायकाच्या कानावर घालावी. रिकाम्या डब्यांत तेल किंवा धान्य भरू नये. 2013 साली बिहारमधील गंडामन गावच्या शाळेत मध्यान्ह भोजनातून 23 मुले दगावली ती अन्नात मोनोक्रोटोफॉस गेल्यामुळे.

लहान मुलांना फवारणीच्या जागेपासून, मळलेल्या कपड्यांपासून आणि पंप धुण्याच्या पाण्यापासून दूर ठेवण्याचे एक खास कारण विकरांशीच निगडित आहे. रक्तात पॅराऑक्सोनेज नावाचे आणखी एक विकर असते, जे क्लोरपायरिफॉस आणि डायझिनॉन यांची घातक रूपे तोडून निरुपद्रवी करते. नवजात बाळात ते प्रौढांच्या मानाने फारच कमी असते आणि पुढे दोनेक वर्षांत हळूहळू वाढते.

लक्षणे दिसल्याबरोबर

घाम, मळमळ, डोके जड होणे, डोळ्यांपुढे धूसर दिसणे एवढ्यावर प्रकरण असले तरी काम थांबवून माणसाला शेताबाहेर, मोकळ्या हवेत आणावे. मदत करणाऱ्याने आधी स्वतःच्या हाताला रबरी मोजे किंवा ते नसल्यास प्लास्टिकच्या जाड पिशव्या गुंडाळाव्यात. रुग्णाचे सर्व कपडे काढावेत. चामड्याची चप्पल, पट्टा आणि पाकीट विष शोषून धरतात, त्यामुळे ती धुऊन पुन्हा वापरता येत नाहीत. कंबरेचा करदोडा, मनगटावरचे धागे आणि गळ्यातला दोऱ्यात ओवलेला ताईत हे नेहमी विसरले जातात. ते कापून टाकावेत. मग भरपूर पाणी आणि साधा साबण घेऊन केसांपासून खाली धुवावे, कानांमागे, काखेत, जांघेत, बेंबीत आणि नखांखाली विशेष. डोळ्यांत गेले असेल तर पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याने धुवावेत. मात्र श्वास अडत असेल किंवा शुद्ध हरपली असेल तर न्हाणीत वेळ घालवू नये. कपडे उतरवून, अंगावरून पाणी ओतून निघावे आणि उरलेले धुणे रुग्णालयात करावे.

पोटात गेले असेल तर मिठाचे पाणी पाजून किंवा घशात बोटे घालून उलटी करवू नये. तूप, दूध, तेल, लिंबू यांपैकी काहीही देऊ नये, कारण अर्धवट शुद्धीतील माणसाची उलटी फुप्फुसात उतरते आणि विषातून वाचलेला रुग्ण त्या न्यूमोनियाने जातो. डाव्या कुशीवर झोपवून, तोंड खाली कलते ठेवून 108 क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा 1800 116 117 हा निःशुल्क क्रमांक डॉक्टरांनाही उपयोगी पडतो.

बाटली, नाहीतर निदान तिच्या लेबलचा मोबाइलवर काढलेला फोटो, सोबत न्यावा आणि विष किती वाजता व कसे गेले ते खरे सांगावे. कोणी जाणूनबुजून प्यायले असेल तर पोलिसांच्या भीतीने 'फवारताना लागले' असे सांगितले जाते आणि उपचार चुकीच्या अंदाजावर सुरू होतात. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा व्यक्तीला तीव्र ताणाखाली असल्याचे गृहीत धरून शिक्षेतून वगळले आहे. पुढे बोलण्यासाठी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक आहे.

रुग्णालयात काय अपेक्षावे

पहिले औषध अ‍ॅट्रोपिन. ते विकराला हात लावत नाही, साचलेल्या अ‍ॅसिटाइलकोलिनला ग्रंथी, हृदय आणि श्वासनलिकांवर काम करू देत नाही, एवढेच. परंतु रुग्णाचा जीव आधी तेच वाचवते. आपल्याकडे त्याची लहान काचेची कुपी 0.6 मिलिग्रॅमची असते. प्रौढाला सुरुवातीलाच अशा तीन ते पाच कुप्या दिल्या जातात आणि दर पाच मिनिटांनी छाती ऐकून, गरज असेल तर मात्रा दुप्पट केली जाते: पाच, मग दहा, मग वीस. छातीतील घरघर थांबणे, नाडी 80 च्या वर जाणे, वरचा रक्तदाब 80 च्या वर टिकणे आणि काखा कोरड्या होणे हे थांबण्याचे निकष आहेत. त्यानंतर तेवढ्यावर टिकवण्यासाठी सलाईनमधून संथ मात्रा चालू राहते. बांगलादेशातील एका चाचणीत अशा दुपटीच्या पद्धतीने मृत्यूचे प्रमाण 22.5 टक्क्यांवरून 8 टक्क्यांवर आले. रुग्णाशेजारच्या ट्रेमध्ये रिकाम्या कुप्यांचा ढीग दिसला म्हणून नातेवाइकांनी बिथरू नये. काळजी करावी ती अर्ध्या तासात दोनच कुप्या गेल्या असतील तेव्हा. अर्थात, मात्रा जास्त झाली तर रुग्ण बरळू लागतो, अंग तापते, पोट फुगते, आणि मग औषध कमी करावे लागते. आडवळणाच्या गावातील आरोग्य केंद्राने हंगामाच्या तोंडावर या कुप्यांचा साठा मोजून ठेवणे हे माझ्या मते कोणत्याही जनजागृती फलकापेक्षा अधिक उपयोगी काम आहे.

दुसरे औषध प्रालिडॉक्साइम, ज्याला दवाखान्यात सगळे 'पाम' म्हणतात. जोडणी पक्की होण्याआधी दिले तर ते विष विकरापासून सुटे करते आणि विकर पुन्हा कामाला लागते. त्याच्या बाबतीत पुरावा सरळ नाही. 2006 साली बारामतीतील एका रुग्णालयाने 200 रुग्णांवर केलेल्या चाचणीत दोन ग्रॅमच्या सुरुवातीच्या मात्रेनंतर ताशी एक ग्रॅम असे 48 तास सतत दिल्यास, दर चार तासांनी एक ग्रॅम देण्यापेक्षा मृत्यू आणि व्हेंटिलेटरची गरज दोन्ही कमी झाली. 2009 साली श्रीलंकेत झालेल्या चाचणीत मात्र याच औषधाने मृत्यू कमी झाले नाहीत. विष कोणते, रुग्ण किती वेळाने आला, किती प्रमाणात प्याला आणि मात्रा किती होती या चार गोष्टी दोन्हीकडे सारख्या नव्हत्या, आणि वर सांगितलेले 3.7 व 33 तासांचे हिशेब पाहिले तर हा विरोधाभास फारसा चक्रावून टाकत नाही. क्लोरपायरिफॉसच्या रुग्णाला सहा तासांत पाम मिळणे आणि मोनोक्रोटोफॉसच्या रुग्णाला दुसऱ्या दिवशी मिळणे या दोन वेगळ्याच गोष्टी आहेत.

पहिल्या दिवशी सुधारलेला रुग्ण दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान अचानक दम टाकू लागतो, हे नातेवाइकांना आधी सांगून ठेवलेले बरे. त्याची पहिली खूण मानेत दिसते: उशीवरून डोके उचलायला सांगितले तर उचलता येत नाही. ही तपासणी पलंगाशेजारी बसलेल्या माणसालाही दर काही तासांनी करता येते. डोके उचलले गेले नाही तर लगेच परिचारिकेला बोलवावे, कारण त्यानंतर लवकरच व्हेंटिलेटर लागू शकतो.

विकर औषध म्हणून: काय मिळते आणि काय नाही

येथे एका व्यवहाराच्या प्रश्नापासून सुरुवात करणे भाग आहे. काही ठिकाणी नातेवाइकांना 'प्लाझ्माच्या पिशव्या आणा' असे सांगितले जाते, कारण ताज्या गोठवलेल्या रक्तद्रव्यात ब्युटिरिलकोलिनेस्टरेज असते आणि ते विष टिपून घेईल अशी त्यामागची कल्पना असते. कल्पना चूक नाही, गणित चूक आहे. एक लिटर रक्तद्रव्यात हे विकर जेमतेम चार-पाच मिलिग्रॅम असते, म्हणजे दोनशे मिलिलिटरच्या पिशवीत सुमारे एक मिलिग्रॅम. विकराचा एक घटक विषाचा एकच रेणू धरतो, आणि त्या घटकाचे वजन मोनोक्रोटोफॉसच्या रेणूच्या जवळपास 380 पट असते. हिशेब केला तर एक पिशवी अडीच-तीन मायक्रोग्रॅम विष अडवते, आणि एक ग्रॅम विषासाठी सुमारे 380 ग्रॅम विकर लागेल. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने साठ रुग्णांवर केलेल्या चाचणीत रक्तद्रव्याने विकराची पातळी वाढली, पण रुग्णाला फायदा झाल्याचे दिसले नाही. रक्त गोठण्यात बिघाड असेल तर रक्तद्रव्य द्यावेच लागते, ती गोष्ट निराळी. केवळ विषावर उतारा म्हणून मागितले जात असेल तर 'याऐवजी व्हेंटिलेटरची सोय कुठे आहे' हे विचारण्यात तो वेळ घालवावा.

मग जगभर या विकरावर एवढा खर्च का झाला? कारण तो खर्च मुख्यतः सैन्यासाठी होता. युद्धात वापरल्या जाणाऱ्या मज्जाविषांची घातक मात्रा अत्यल्प असते, त्यामुळे तेथे सुमारे दोनशे मिलिग्रॅम शुद्ध विकर आधीच टोचून ठेवले तर ते पुरेल असा अंदाज आहे, आणि मानवी ब्युटिरिलकोलिनेस्टरेज रक्तात दहा-बारा दिवसांत निम्मे होते, म्हणजे एका इंजेक्शनने बरेच दिवस निभावते. दात्यांच्या रक्तद्रव्यातून ते गाळून काढणे अतोनात महाग पडते, म्हणून जनुक बदललेल्या शेळ्यांच्या दुधातून आणि तंबाखूच्या जातभाई वनस्पतींतून ते तयार करून पाहिले गेले. शेतकऱ्याच्या विषबाधेत विष जाते ते मिलिग्रॅम-ग्रॅममध्ये आणि औषध मिळते ते नंतर. या दोन्ही कारणांनी हा मार्ग त्याच्या उपयोगाचा नाही.

उपयोगाची आशा आहे ती विष धरून न बसता तोडून मोकळे होणाऱ्या विकरांकडून. ब्युटिरिलकोलिनेस्टरेज हा उंदराचा पिंजरा आहे, एक उंदीर सापडला की दार बंद. फॉस्फोट्रायएस्टरेज हे मांजर आहे. ते सापडले मातीत. फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत भारतीय सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ एन. सेतुनाथन यांनी टी. योशिदा यांच्यासह 1973 साली डायझिनॉन आणि पॅराथिऑन पचवणाऱ्या एका जिवाणूची नोंद केली. जेथे डायझिनॉन वारंवार वापरले गेले त्या भातखाचरांच्या मातीत ते नंतर फार लवकर नाहीसे होऊ लागले होते, कारण मातीतील जिवाणूंनी ते खाण्याची सोय करून घेतली होती. त्या जिवाणूच्या विकरात जस्तासारख्या धातूचे दोन अणू असतात, ते पाण्याच्या रेणूकरवी फॉस्फरसची जोडणी तोडतात आणि लगेच पुढच्या रेणूकडे वळतात.

अशाच दुसऱ्या एका जिवाणूतील ओपीडीए हे विकर ऑस्ट्रेलियातील सीएसआयआरओ संस्थेने विकसित केले आणि मेंढ्यांच्या औषधी आंघोळीचे उरलेले पाणी निर्विष करण्यासाठी ते लँडगार्ड या नावाने बाजारातही आले. पॅराथिऑन व डायक्लोरव्हॉस दिलेल्या उंदरांचे प्राण त्याने वाचवले आहेत. रुग्णाला देण्याचे औषध मात्र ते अजून नाही. जिवाणूचे प्रथिन असल्याने माणसाची प्रतिकारशक्ती त्याच्याविरुद्ध उठते, रक्तातून ते लवकर नाहीसे होते, आणि प्रत्येक कीटकनाशकावर त्याचा वेग सारखा नसतो. त्यातच विष मज्जातंतूंपर्यंत पोहोचल्यावर रक्तात मांजर सोडून काय साधणार हा प्रश्न उरतोच. कातडीतून किंवा आतड्यातून बराच वेळ झिरपत राहणाऱ्या, चरबीत साठणाऱ्या विषांबाबत मात्र ते उशिराही कामाचे ठरावे असे मला वाटते. तोवर कोणी 'एन्झाइमचे इंजेक्शन' किंवा 'विष उतरवणाऱ्या एन्झाइम गोळ्या' खपवू लागला तर त्याला दारातूनच परत पाठवावे. औषधाच्या दुकानातील पचनाच्या एन्झाइम गोळ्यांचा या विषाशी काडीचाही संबंध नाही.

विकर हे उताऱ्याचे औषध होऊ शकते याचा भक्कम दाखला दुसऱ्याच क्षेत्रात आहे. कर्करोगात मेथोट्रेक्सेट मोठ्या मात्रेत देताना कधी मूत्रपिंडे थकतात आणि औषध रक्तातच साचून विष बनते. अशा वेळी ग्लुकार्पिडेज हे जिवाणूजन्य विकर, किलोमागे 50 युनिट या प्रमाणात एकदाच शिरेतून दिले की पंधरा मिनिटांत रक्तातील मेथोट्रेक्सेट 97 टक्क्यांहून अधिक घटते. अमेरिकेत त्याला 2012 साली मान्यता मिळाली. येथे ते यशस्वी का झाले हे पाहण्यासारखे आहे: रुग्ण आधीच रुग्णालयात असतो, विष कोणते व किती ते ठाऊक असते, पातळी मोजता येते आणि त्याचा मोठा भाग रक्तात असतो. पेशींच्या आत गेलेल्या औषधाला ते हात लावू शकत नाही, म्हणून पेशींना त्यापासून वाचवणारे ल्युकोव्होरिन हे औषध चालूच ठेवावे लागते. फक्त तेही या विकराकडून तोडले जात असल्याने दोन्हींमध्ये दोन तासांचे अंतर ठेवतात.

शेतकऱ्यासाठी या साऱ्या संशोधनातून आज हाती लागण्याजोगी वस्तू अंगावर घालण्याची आहे. बंगळुरूच्या इनस्टेम संस्थेने तयार केलेले 'किसान कवच' डिसेंबर 2024 मध्ये बाजारात आणले गेले. किंमत सुमारे 4000 रुपये. त्याच्या कापडात विकर नाही, पण विकरासारखेच काम करणारे, पामच्या कुळातले रसायन धाग्याला जोडलेले असते आणि कीटकनाशक कापडावर पडताच ते तोडते. ओला सदरा हाच सर्वांत मोठा मार्ग असल्याचे वर सांगितले, त्यामुळे विष तोडण्याची जागा रक्तातून कापडावर आणणे मला या क्षेत्रातील सर्वांत शहाणी चाल वाटते. एकेका मजुराला ही किंमत परवडणारी नाही. बचत गटाने किंवा शेतकरी उत्पादक कंपनीने चार-पाच पोशाख घेऊन फवारणीच्या दिवशी फिरते ठेवले तर जमू शकते.

घरी परतल्यावर

रक्तद्रव्यातील विकर साधारण चार ते सहा आठवड्यांत भरून येते, लाल पेशींतील मात्र नव्या पेशी तयार होतील तसेच, दिवसाला सुमारे एक टक्का या गतीने. त्यामुळे बरे वाटू लागले तरी दोन-तीन महिने या गटातील औषधे फवारू नयेत. या काळात थोडासा संपर्कही पहिल्यापेक्षा लवकर लोळवतो. दोन-तीन आठवड्यांनी पायांच्या पोटऱ्यांत गोळे, तळव्यांत मुंग्या किंवा पाऊल उचलताना लटपट जाणवली तर ती अशक्तपणा म्हणून सोडून देऊ नये, उशिरा होणाऱ्या मज्जातंतूंच्या इजेची ती सुरुवात असू शकते.

डिस्चार्जच्या कागदासोबत कोलिनेस्टरेजचे सर्व अहवाल तारखांसह मागून घ्यावेत. पुढील काही आठवड्यांत अपघात, बाळंतपण किंवा अपेंडिक्स अशा कारणाने भूल घेण्याची वेळ आली तर ते भूलतज्ज्ञाला आधी दाखवावेत. भूल देताना स्नायू सैल करण्यासाठी वापरले जाणारे सक्सामेथोनियम हे औषध शरीरात तोडणारे विकर म्हणजे ब्युटिरिलकोलिनेस्टरेजच. ते कमी असेल तर काही मिनिटांत ओसरणारा परिणाम तासन्‌तास टिकतो आणि रुग्णाला तेवढा वेळ यंत्राच्या श्वासावर ठेवावे लागते. दक्षिण भारतातील वैश्य समाजात या विकराचा आनुवंशिक अभाव इतरांपेक्षा अधिक आढळतो, त्यामुळे घरात कोणाला भुलीतून उशिरा जाग आल्याचा इतिहास असेल तर तोही सांगावा. भूलतज्ज्ञाकडे रोक्युरोनियमसारखी दुसरी औषधे असतात, फक्त त्याला आधी कळायला हवे.